प्लासिड तुस्कानो यांची कॉफीची रजा

मंगळवार, १० फेब्रुवारी. सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. वसईतल्या एका लहान छापखान्यात प्लासिड तुस्कानो ‘क्रुसाची वाट’ या प्रार्थनेच्या पुस्तिकेचं मागचं पान तपासत होते. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात ही प्रार्थना दर शुक्रवारी संध्याकाळी चर्चमध्ये होते आणि मागच्या पानावर सहा शुक्रवारांच्या तारखा छापलेल्या असतात. तारखा तपासताना प्लासिड संगणकाच्या पडद्यावर बोट ठेवून वाचतात. चौथ्या ओळीवर बोट थांबलं. १३ मार्च.

त्या शुक्रवारी ते चिकमगळूरजवळच्या एका कॉफीच्या मळ्यात असणार होते. गाडीची तिकिटं काढून झाली होती, मळ्यातली खोली ठरली होती.

“भाऊ,” त्यांनी मालकांना हाक मारली, “जरा इकडे या.”

मालक शरदचंद्र चष्मा वर करून आले. “काय, चूक सापडली?”

“सापडली. पण पुस्तिकेत नाही.”

उपवासकाळ हा राखेच्या बुधवारी सुरू होतो आणि ईस्टरला संपतो. वसईतल्या ख्रिस्ती घरांत या दिवसांत कुणी मटण सोडतं, कुणी दारू, कुणी गोड. प्लासिड कॉफी सोडतात. सव्वीस वर्षं त्यांनी हा नेम मोडलेला नाही. बरेच जण रविवारची सूट घेतात, तीही ते घेत नाहीत. यंदा राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीला आहे आणि ईस्टर ५ एप्रिलला. त्यांची रजा ११ ते १६ मार्च होती.

प्लासिड सत्तावन्न वर्षांचे आहेत, राहायला गिरीजला. केळी आणि माडांच्या त्या गावात चहा पिणारी माणसंच जास्त. कॉफीची सवय त्यांना विशीत लागली. मुंबईच्या एका छापखान्यात ते काम शिकत होते. तिथले मंगळूरचे फोरमन रोज दुपारी स्टीलच्या दोन मजली फिल्टरमधून कॉफी गाळत आणि पहिला पेला या पोराला देत. तेव्हापासून प्लासिड घरी पूड तयार आणत नाहीत. भाजलेल्या बिया आणून स्वतः दळतात. शेजारी त्यांना ‘मद्रासी’ म्हणतात. पण कॉफीचं झाड फुललेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. वसईच्या या छापखान्यात तेहतीस वर्षं झाली, एवढ्या वर्षांत चार दिवसांहून मोठी रजा त्यांनी घेतली नव्हती. यंदा घ्यायची ठरली.

ठरवताना त्यांनी घाई केली नाही. नोव्हेंबरपासून मळ्याच्या मालकीणबाईंना चार वेळा फोन केला. फुलं कधी येतात, किती दिवस टिकतात, तोडणी तेव्हा चालू असते का, हे सगळं वहीत लिहून घेतलं. बाईंनी मार्चचा दुसरा आठवडा सांगितला. मग त्यांनी छापखान्याचं ऑर्डरबुक उघडलं. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत लग्नपत्रिकांची रांग होती, ईस्टरनंतर पुन्हा रांग होती. मधले सहा-सात आठवडे जवळजवळ कोरे. फुलं आणि मोकळे दिवस इतके बरोबर जुळलेले पाहून त्यांना आनंद झाला. मुलगी एलिसा हिने त्याच रात्री मोबाइलवर त्यांची आणि आईची तिकिटं काढली.

ते आठवडे दरवर्षीच कोरे असतात. उपवासकाळात ख्रिस्ती लग्नं होत नाहीत, म्हणून पत्रिका नसतात. हे प्लासिडना कुणी शिकवायची गरज नव्हती. पण ऑर्डरबुक ते छापखान्याचे कामगार म्हणून वाचत होते, आणि कामगाराला त्यात फक्त मोकळा वेळ दिसला.

शरदचंद्र खुर्ची ओढून बसले. “यंदाचं चर्चचं कॅलेंडर कुणी जुळवलं?”

“मी.”

“तपासलं कुणी?”

“मीच. तीनदा.”

“राखेचा बुधवार ठळक अक्षरात कुणी घातला?”

प्लासिडनी पडद्यावरचं बोट काढून घेतलं.

“मी हिंदू वाडवळ आहे रे,” शरदचंद्र म्हणाले, “तरी मला ठाऊक होतं. मला वाटलं, यंदा तू सोडलास नेम. वय झालं, म्हटलं, विचारायचं कशाला.”

“ईस्टरनंतर दिलीत रजा तर?”

“ईस्टरनंतर अडतीस पत्रिका आहेत. रजा सोड, शिंकायलासुद्धा बाहेर पाठवणार नाही.”

त्या संध्याकाळी प्लासिड साडेसातला घरी पोचले. पत्नी ॲंजेला ओट्यापाशी होत्या, एलिसा नुकतीच ऑफिसातून आली होती. त्यांनी बूट न काढता दारातूनच सांगितलं. ॲंजेलांच्या हातातली पळी कढईतच राहिली.

“चार महिने वही घेऊन बसायचास,” त्या म्हणाल्या. “त्या वहीत देवाला एक ओळ नाही?”

“तुलाही तारखा सांगितल्या होत्या.”

“मी चहा पिते! मला तुझ्या कॉफीचं पंचांग काय कळतंय?”

एलिसाला हसू आवरेना. “म्हणजे मम्मी चहावाली, पप्पांचा उपास. एवढ्या लांब कॉफीच्या मळ्यात जाऊन तुम्ही दोघं करणार काय? पप्पा, एक वर्ष मोडा ना. देव काय हजेरी घेतो?”

“मोडायचं नाही,” ॲंजेला एकदम म्हणाल्या. “तो तुझ्यावरचा आहे.”

बोलून गेल्यावर त्यांनी प्लासिडकडे पाहिलं. ही गोष्ट घरात मुलीसमोर कधी निघाली नव्हती. एलिसाची समजूत अशी होती, की इतर लोक मटण सोडतात तसे पप्पा कॉफी सोडतात.

“माझ्यावरचा म्हणजे?”

सांगायला प्लासिडना तीन-चार वाक्यं पुरली. एलिसा सातव्या महिन्यात जन्मली, ९ मार्च २००० रोजी, राखेच्या बुधवारच्या दुसऱ्या दिवशी. एकतीस दिवस ती इस्पितळात काचेच्या पेटीत होती. पोर घरी आली तर दर उपवासकाळात कॉफी सोडेन, असं त्यांनी पेटीपाशी उभं राहून म्हटलं. ती घरी आली.

एलिसा स्टुलावर बसली. तिचा चेहरा उतरला होता, आवाज मात्र चढला. “सव्वीस वर्षं? माझ्या नावावर? मला विचारलं होतं?”

“तू बाराशे ग्रॅम होतीस,” प्लासिड म्हणाले.

“नंतर विचारायचं! मी काय अजून बाराशे ग्रॅम आहे?”

“तुला विचारून नवस केला नव्हता.”

“मग मी सोडते तुम्हाला नवसातून. झालं. प्या.”

“तुला केलेला नाही, तू कशी सोडशील?”

ती उठून आतल्या खोलीत गेली आणि जेवायला आली नाही. पुढचे दोन दिवस ती वडिलांशी कामापुरतं बोलली. ॲंजेलांनी तिकिटं रद्द करायला सांगितलं. प्लासिडनी ती रद्द केली नाहीत. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी छापखान्यातून मळ्यावर फोन लावला.

आपण येऊ, पण कॉफी पिणार नाही, हे त्यांना हिंदीत दोनदा सांगावं लागलं.

“तब्येत खराब आहे का?” बाईंनी विचारलं.

“नाही.”

“डॉक्टरने बंद केली?”

“नाही.”

“साहेब, आमच्याकडे लोक दुसऱ्या कशासाठी येत नाहीत. सकाळी सहाला चुलीवर भांडं चढतं. पूर्ण घरात वास असतो. तुम्ही कुठे बसाल?”

उपवासकाळात प्लासिड घरातला कॉफीचा डबा शेजारी जुलियानाबाईंकडे ठेवून येतात, त्यामुळे सव्वीस वर्षांत वासाचा प्रश्न आला नव्हता. शेवटी मळ्याच्या बाईंनीच मार्ग काढला. न भाजलेल्या बिया वर्षभर टिकतात. त्या दोन किलो बांधून देतील, ईस्टरच्या सकाळी घरी भाजाव्यात. फुलं बघायला पैसे पडत नाहीत आणि उपासही मोडत नाही, असं त्या म्हणाल्या. प्लासिडनी जायचं नक्की केलं.

रात्री त्यांनी हे घरी सांगितलं. ॲंजेला म्हणाल्या, “पाच दिवस नाकाला चिमटा लावून बस.” एलिसा मोबाइलमध्ये पाहत होती.

काल, सोमवारी १६ फेब्रुवारीला संध्याकाळी, तिने मोबाइल टेबलावर वडिलांपुढे सरकवला. पडद्यावर गाडीचं तिसरं तिकीट होतं. डबा दुसरा, तारीख तीच.

“रजा मिळाली तुला?” ॲंजेलांनी विचारलं.

“घेतली. तिथे एक तरी कॉफी पिणारं माणूस पाहिजे ना. नाहीतर ती बाई पोलिसांना बोलवेल.”

प्लासिडनी तिकिटावरचं नाव वाचलं, वय वाचलं, मग पडद्यावर बोट ठेवून तारीख वाचली. वयाच्या जागी २६ असायला हवं होतं, तिथे २५ होतं. त्यांनी ते दाखवलं.

“नऊ मार्चपर्यंत पंचवीसच आहे मी,” एलिसा म्हणाली. “आणि पप्पा, माझ्यावर अजून कसला नेम असेल तर आत्ताच सांगा.”

“नाही,” प्लासिड म्हणाले. “एवढाच.”

उद्या राखेचा बुधवार, कॉफीचा डबा आज रात्रीच जुलियानाबाईंकडे जाईल. त्यांच्या चर्चमध्ये पहिली मिस्सा, म्हणजे सामूहिक प्रार्थना, सकाळी सव्वासहाला आहे, आणि छापखाना नऊला उघडतो.