जुन्या वाटीत नवं बेअरिंग

डेल्मर स्कोगलंड आमच्या धावपट्टीवरचा एकुलता एक विमान-मेकॅनिक. नॉर्थ डकोटात मुळात कोणी फार बोलत नाही. हा त्यातही मुका. मार्चात त्याची बायको आर्डिस गेली, तेव्हा कबरीपाशी "जरा थंडी आहे" एवढंच बोलला. दुसऱ्या दिवशी कामावर.

एप्रिलात शेतांवर औषध फवारणाऱ्या वेंडेलचं विमान दुरुस्तीला आलं. चाकाचं बेअरिंग झिजलेलं, आणि ते ज्या पोलादी वाटीत फिरतं तिलाही खड्डे पडलेले. कामाचं तेवढं तो बोलायचा; दोन्ही बरोबरच बदलायची, हे शेजारीण म्हणून मी डेल्मरच्याच तोंडून शंभरदा ऐकलेलं. त्या दिवशी हँगरमध्ये गेले, तर पठ्ठ्याने नवं बेअरिंग जुन्याच वाटीत बसवलेलं. मी चाक हाताने फिरवलं. खरखर.

"हे काय, डेल्मर?"

"चालेल."

"चालेल? उतरताना चाक अडकलं तर वेंडेल नाकाने शेत नांगरेल!"

"मास्तरीणबाई, शाळा सुटली. घरी जा."

"नवी वाटी कुठाय?"

"खिशात."

खरंच खिशात होती. म्हणजे विसरला नव्हता. वाटी बसवायची तर चाकाचा तुंबा, म्हणजे मधला भाग, ओव्हनमध्ये तापवून फुगवायचा, वाटी फ्रीजरमध्ये गारठवून आकसवायची. ओव्हन आर्डिसचा. शिव्या घालत तीच त्याचे तुंबे भाजून द्यायची.

"मग लाव ओव्हन."

"कसा लावतात, माहीत नाही."

"इतक्या वर्षांत?"

"ती लावायची."

मला असला बावळटपणा सहन होत नाही. दंडाला धरून त्याला, तुंब्यासकट, त्याच्या घरी स्वयंपाकघरात नेलं. फ्रीजरमध्ये आर्डिस गेल्यावर लोकांनी आणून दिलेल्या नूडल्सच्या थाळ्या, भांडी परत करता यावीत म्हणून तळाला ज्याच्या-त्याच्या नावाच्या पट्ट्या. एकीलाही हात लागला नव्हता. वाटीपुरती जागा केली.

"हे बटण. तूच फिरव."

त्याने फिरवलं. तुंबा तापेपर्यंत आम्ही समोरासमोर बसलो. ग्रीसचा जळका वास घरभर झाला. खिडकी उघडावी असं त्याला वाटलं नाही. मलाही सुचलं नाही.

तुंबा तापल्यावर जुनी वाटी ठोकताच निघाली. नवी त्याने दोन बोटांनी ठेवली, ती आपसूक आत उतरली.

"बसली," तो म्हणाला.

सकाळी वेंडेल उडाला, चक्कर मारून उतरला. चाकं सरळ पळाली. डेल्मर हँगरच्या दारात उभा होता. विमानाकडे बघत होता, असं मात्र म्हणवत नाही; तोंड घराकडे होतं.