पेटीतला एस्क्वायर

नळ दुरुस्त करायला आलेल्या दत्तूभाऊंनी हत्यारांची पेटी उघडली, तर झाकणाच्या आत एक पाकीट चिकटवलेलं. अक्षर माझ्या वडिलांचं! अण्णा दरवर्षी पूजेचं बोलावणं हातानं लिहितात आणि प्रत्येकाच्या नावापुढे जुन्या इंग्रजी थाटात 'एस्क्वायर' जोडतात. पूर्वी इंग्लंडात हा मान जमीनजुमलेवाल्यांना मिळे. अण्णा तो इस्त्रीवाल्यालाही देतात. मी त्यांना कायम हसत आले.

"याचा अर्थ ठाऊक आहे, दत्तूभाऊ?"

"नाही बुवा."

"खानदानी सद्गृहस्थ."

पान्यानं नळ आवळत ते म्हणाले, "मग बरोबर लिहिलंय की!"

तिकडे म्हणे हा शब्द आता फारसा कुणी लिहीत नाही. ज्यांच्या नावापुढे तो लिहावा, अशी माणसं आमच्या गल्लीत राहायला आली असावीत.