शेख मॅडमची लेखनखोली

विद्यार्थ्याचा कागद टेबलावर आला की शेख मॅडम आपलं पेन पर्समध्ये टाकत आणि पर्सची चेन लावून घेत. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून म्हणत, "हं, वाच." मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, मॅडमना घरी जायची घाई आहे. मी उठायलाच लागले. त्या हसल्या. "बस गं. माझ्या हातात पेन राहिलं ना, तर तुझं वाक्य माझं होऊन जातं. हाताला खोडच आहे तशी."

जळगावच्या आमच्या कॉलेजात ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर ती खोली होती. दारावर 'लेखन केंद्र' अशी पाटी. मॅडम मराठी शिकवत, आणि तास संपले की वर येऊन बसत. कुठल्याही शाखेच्या मुलानं आपलं लिहिलेलं घेऊन यावं, प्रकल्प असो, निबंध असो, नोकरीचा अर्ज असो. मॅडम ते त्याच्याच तोंडून ऐकत, मध्ये मध्ये प्रश्न विचारत, आणि मुलगा आपलं आपण दुरुस्त करून नेत असे.

त्या राहायला नशिराबादला होत्या. वडिलांचं तिथं शिवणकामाचं दुकान होतं आणि मॅडमची निम्मी शिकवण त्या दुकानातून आलेली. "अब्बा कापडाला कात्री लावायच्या आधी गिऱ्हाइकाला विचारायचे, घालून जाणार कुठं? लग्नाला की शेतात? तसं तू सांग, हे वाचणार कोण?" हा प्रश्न ऐकून ऐकून आमच्या वसतिगृहातल्या मुली घरी पत्र लिहायलासुद्धा घाबरायला लागल्या होत्या, अशी एक थट्टा कॉलेजात चाले.

मॅडमचं खरं भांडण मुलांशी नव्हतं, प्राध्यापकांशी होतं. प्रकल्प जमा करायची तारीख उद्यावर आली की एखादे सर अख्खा वर्ग वर पाठवून देत, 'जा, मॅडमकडून तपासून आणा.' जिन्यावर रांग लागे. मॅडम त्या मुलांना परत पाठवत नसत, पण दुसऱ्या दिवशी त्या सरांना स्टाफरूममध्ये गाठत. "सर, माझी खोली लाँड्री नाही. मळके टाकले, इस्त्रीचे उचलले. मुलांच्या आधी तुम्ही या, तुमचा प्रश्न घेऊन. तुम्ही काय विचारलंय आणि तुम्हाला काय हवंय, तेच मला ठाऊक नसेल तर मी पोरांना काय विचारू?" सर हसत, चहा मागवत, आणि पुढच्या वर्षी रांग पुन्हा आदल्याच दिवशी लागे. काही जण शिक्षा म्हणून मुलं पाठवत. त्याचा मॅडमना सगळ्यात जास्त राग. नापास होणाऱ्यालाच का पाठवता, पहिल्या येणाऱ्यालाही पाठवा, नाहीतर मुलं या खोलीला दवाखाना समजतील, असं त्या तोंडावर सांगत.

अर्थशास्त्राचे महाजन सर मात्र कुणालाच पाठवत नसत. ते फार चांगलं शिकवत, आणि तितकेच कडक होते. ज्याचं त्यानं लिहावं, मदत घेतली की ते त्याचं राहत नाही, असं त्यांचं मत होतं. त्यामुळे तृतीय वर्षाचा अर्थशास्त्राचा प्रकल्प घेऊन मी वर गेले ती माझी मीच.

मी चोपड्याजवळच्या खेड्यातली. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, केळीचे घड कापून गाडी भरणाऱ्या टोळीत काम करतात. शाळेची पायरी त्यांनी चढलेली नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली. नात्यातून स्थळं यायला लागली होती आणि 'पोरगी ग्रॅज्युएट होऊ द्या' एवढ्या एका वाक्यावर आबांनी ती थोपवून धरली होती. पदवी हातात आली तर पुढचं शिक्षण, नाहीतर नाही, हे मला न सांगता कळत होतं.

प्रकल्पाचा विषय होता केळीच्या धंद्यातले मजूर. मी मॅडमसमोर पहिलं वाक्य वाचलं, केळी हे खान्देशातील एक महत्त्वाचे नगदी पीक आहे. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे. पण हे जळगावात कुणाला माहीत नाही?" मी पुढचं पान वाचलं. तिथंही तसंच होतं. मग त्यांनी कागद बाजूला ठेवायला लावला आणि आबांचा दिवस कसा जातो ते विचारलं. मी प्रमाण मराठीत सांगायला लागले आणि अडखळले. घरी सांगतेस तसं सांग, असं त्या म्हणाल्या तेव्हा माझ्या तोंडून सहज निघून गेलं, "गाडी उनी नही ते बठ्ठा दिन बांधवर बशी ऱ्हातस."

गाडी आली नाही तर सगळा दिवस बांधावर बसून राहतात. मजुरी मिळते ती भरलेल्या गाडीवर. सकाळी टोळी शेतात हजर असते, पण गाडी दुपारी येते, कधी संध्याकाळी, कधी येतच नाही. त्या बसण्याचे पैसे कुणी देत नाही. हे मला लहानपणापासून माहीत होतं, म्हणूनच बहुधा ते लिहिण्यासारखं वाटलं नव्हतं.

मॅडमनी बाजूला ठेवलेल्या कागदांकडे बोट केलं. मग म्हणाल्या, "एवढी पानं लिहिलीस. या बसण्याबद्दल एक ओळ आहे का त्यात?"

दिवाळीच्या सुट्टीत मी टोळीतल्या माणसांशी बोलले. 'थांबण्याचे तास' असं प्रकल्पाचं नाव ठेवलं. पुन्हा पुन्हा लिहिलं. दर वेळी मॅडम ऐकत, विचारत, आणि मी जिना उतरताना वैतागलेली असे. एक शब्दही त्यांनी सांगितला नाही. एकदा मी चिडून म्हटलं, मॅडम, तुम्हाला येतंय तर सांगून टाका ना. त्या म्हणाल्या, "मला केळीतलं काय कळतं? मी तर विकत घेऊन खाते."

प्रकल्प जमा केला. काही दिवसांनी महाजन सरांनी वर्गात सगळ्यांचे प्रकल्प परत दिले आणि माझा टेबलावर तसाच ठेवला. ही भाषा तृतीय वर्षाच्या मुलीची नाही, असं ते म्हणाले. "शेख मॅडमनी चांगलं लिहिलंय. त्यांना मी दिलेले गुण कळव." वर्ग हसला. प्रकल्प माझा आहे हे सिद्ध झालं नाही तर तो नाकारला जाणार होता, आणि प्रकल्प गेला की निकाल अडकणार होता.

मी वर गेले ती रडतच. मॅडमनी सरांना एक पत्र लिहून द्यावं, की हे हिनंच लिहिलंय, एवढंच माझं मागणं होतं. त्यांनी मला पाणी दिलं आणि साफ नाही म्हणाल्या.

"मी लिहून दिलं तर तेही माझंच लिखाण झालं ना? सर बरोबरच ठरतील मग."

मग त्या स्वतः अर्थशास्त्र विभागात गेल्या. तिथं काय बोलणं झालं ते मला नंतर कळलं. सर, तुमची शंका रास्त आहे, असं त्यांनी आधी कबूल केलं. मदत आणि फसवणूक यांत फरक असतो, पण तो दाराबाहेरून दिसत नाही, असं म्हणाल्या. उद्या या आणि खोलीत बसा, ती तुमच्यासमोर लिहील. नवा प्रश्न तुम्हीच आणा, मलाही आधी सांगू नका. अट एकच, बोलायचं नाही.

दुसऱ्या दिवशी महाजन सर आले. खिडकीजवळच्या खुर्चीत ताठ बसले. त्यांचा प्रश्न होता, टोळीला गाडीऐवजी तासावर मजुरी दिली तर काय होईल? मी लिहायला बसले. एक परिच्छेद झाला की मॅडम म्हणत, वाच. मी वाचे. त्या विचारत, हे तुला कसं कळलं? हे व्यापाऱ्यानं वाचलं तर तो काय म्हणेल? एका ठिकाणी त्यांनी मुद्दाम की सहज, मला माहीत नाही, पण सुचवलं की इथं 'शोषण' हा शब्द बसेल. मी नको म्हटलं. आबा तसं म्हणणार नाहीत. गाडीची वाट व्यापारीही बघतो, त्याचाही माल उन्हात असतो. फरक इतकाच की त्याचं थांबणं भावात निघतं, आबांचं कशातच निघत नाही.

"मग गाडीला उशीर होतो तो का?" हा प्रश्न मॅडमचा नव्हता. महाजन सर खुर्ची ओढून टेबलाशी आले होते. मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांना अटीची आठवण काही करून दिली नाही. मी सांगू लागले, सर अडवू लागले, मी पुन्हा सांगू लागले. मॅडम मागं टेकून बसल्या होत्या. मी कुणा प्राध्यापकाशी असा वाद घालू शकते, हे मला त्या दुपारी समजलं.

निघताना सर मॅडमना म्हणाले, माझी चूक झाली. मॅडमनी अगदी मऊ आवाजात सांगितलं, "सर, जे वर्गात बोललात ते वर्गातच मागं घ्या."

सर खरोखर मोठे होते. दुसऱ्या दिवशी हजेरी घेण्याआधी ते म्हणाले, "मी चुकीचं बोललो होतो. हा प्रकल्प हिचाच आहे. आणि अपुरा आहे. गाडीवाल्यांची बाजू यात नाही, ती घालून आण." वर्ग पुन्हा हसला, या वेळी मीही हसले. मी पदवीधर झाले. आबांनी पेढे वाटले, आणि स्थळं आणखी पुढं ढकलली.

पुढच्या जूनमध्ये, कॉलेज सुरू होताच, महाजन सर मुलांना द्यायच्या प्रकल्पाचा प्रश्न घेऊन वर गेले. मॅडमनी त्यांनाच त्याचं उत्तर लिहायला बसवलं. थोड्या वेळानं सर म्हणाले म्हणे, मी काय विचारलंय ते मलाच कळेना. तो प्रश्न बदलला. मग मॅडम त्यांच्या वर्गात जाऊन थोडा वेळ बोलून आल्या. मुलांनी आधी नुसता विषय मांडायचा, मग पहिला खर्डा, मग शेवटचा, असे टप्पे सरांनी पाडले. आदल्या दिवसाची रांग गेली. हळूहळू इतर विभागांतलेही जिना चढू लागले. मी आता धुळ्याच्या एका कॉलेजात शिकवते. आमच्याकडेही एक छोटी लेखनखोली आहे आणि वर्षाच्या सुरुवातीला माझा प्रश्न घेऊन मी तिथं मुलांच्या आधी जाते. मोबाइलवरून आयतं लिहून आणल्याचा संशय आला तर मी मुलाला समोर बसवते आणि विचारते. वेळ लागतो. पण बहुतेक वेळा त्याच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी निघतंच.

गेल्या वर्षी मॅडम निवृत्त झाल्या. निरोपाच्या समारंभात द्यायचं मानपत्र मी लिहावं, असं ठरलं. ते मॅडमना कळू द्यायचं नव्हतं, म्हणजे या वेळी माझा खर्डा ऐकायला त्या नव्हत्या. मी जळगावला गेले आणि महाजन सरांना विचारलं. ते लगेच हो म्हणाले. 'ज्ञानदानाचा अखंड यज्ञ' हे माझे शब्द ऐकल्यावर त्यांनी विचारलं, "हे कुणालाही लागू पडेल. शेख मॅडम कुठं आहेत यात?" मी ते खोडलं. संध्याकाळपर्यंत आम्ही बसलो.

समारंभाला आबांना घेऊन ये, असा मॅडमचा खास निरोप होता. आबा धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून आले आणि महाजन सरांशेजारी बसले. मानपत्र वाचून झाल्यावर समारंभाचे प्रमुख पाहुणे कौतुकानं म्हणाले, भाषा सुरेख आहे, स्वतः मॅडमचाच हात फिरलेला दिसतोय. सभागृह हसलं. महाजन सर उभे राहिले. "नाही. मॅडमनी हे आज पहिल्यांदा ऐकलं. लिहिलंय आमच्या विद्यार्थिनीनं. मी समोर बसलो होतो."

टाळ्या वाजल्या. व्यासपीठावर मॅडम पदरानं डोळे पुसत होत्या. सर खाली बसले आणि आबांकडे वळून म्हणाले, "आबा, शब्द न् शब्द तिचा आहे बरं का."

आबांनी मान हलवली. "माले माहीत शे, सर."