मामांचं रिव्हॉल्वर आणि व्याह्यांचं पिस्तूल

माझ्या बायकोचे थोरले मामा रिव्हॉल्वर या एका विषयावर जितकं बोलले, तितकं अख्ख्या बुलढाण्यात कोणी आपल्या बायकोशीसुद्धा आयुष्यभरात बोललं नसेल. आणि ते ऐकून माझ्याइतकं थकलेलंही कोणी नसेल. बरं, मामांकडे रिव्हॉल्वर होतं म्हणावं तर तेही नाही. ते सरकारचं होतं. महायुद्ध संपलं, सरकारनं ते परत घेतलं आणि मामांना घरी पाठवलं. त्याच्याबद्दलचं मत तेवढं परत घ्यायचं राहून गेलं. ते मत घेऊन मामा गावी आले, गावाबाहेरच्या मळ्यात वांगी-मिरच्या लावू लागले, आणि मी पडलो त्यांचा भाचजावई, त्यातून समोरच्याच घरात राहणारा. कचेरीतून संध्याकाळी पाय ओढत घरी यावं, दारात चपला काढाव्यात, की समोरच्या ओट्यावरून हाक यायची, "जवाईबापू, मोकळे आहा का जी?" जावयानं नाही कसं म्हणायचं? मी पुन्हा चपला घालायचो.

फौजेत मामा मोटारसायकलवरून निरोप पोहोचवायचे. ब्रह्मदेशातल्या चिखलात या ठाण्याचे कागद त्या ठाण्याला नेऊन द्यायचे. अशा स्वाराला पाठीवर रायफल अडचणीची होते, म्हणून कमरेला रिव्हॉल्वर. आणि या कमरेच्या हत्याराबद्दल फौजेत ज्याला त्याला मत असतं, बहुधा वाईटच असतं, असं मामा सांगत. त्यांच्या तुकडीचा स्वयंपाकी म्हणे, यापेक्षा माझं लाटणं बरं, ते निदान पोळीला तरी लागतं. एक घाटावरचा शिपाई रिव्हॉल्वरच्या मुठीनं तंबूच्या खुंट्या ठोकायचा. त्याचं म्हणणं, सरकारनं आपल्याला हातोडीच दिली आहे, नाव सांगताना चूक झाली. एक गोरा साहेब तर हत्यार पेटीत टाकून चामड्याच्या म्यानात बिस्किटं ठेवायचा. निष्ठावंत काय ते एकटे मामा, आणि तेही आंधळे नव्हेत. "वजन पाहाल तं पाटा," ते म्हणत. "पावसात म्यान असं फुगते का ते ओढून काढेपर्यंत जपानी जेवून झोपून जाईन. गोळी इतकी लाजरी का जाड कोट दिसला तं बाहेरच थांबते. पण जवाईबापू, त्यानं कधी धोका नाई देल्ला. एक गोळी नाई उडाली तं घोडा पुन्हा दाबा, दुसरी हजर. पिस्तुलात एक अडकली का सारंच बंद." धोका हा शब्द आला की त्यांचा आवाज जरा खाली जायचा, आणि मला वाटायचं, चला, आता संपलं. पण ते नुसतं पाणी प्यायला थांबलेले असायचे.

जगातली प्रत्येक वस्तू मामा याच मापानं मोजत. माझ्या बायकोचा पितळी स्टोव्ह रिव्हॉल्वरच्या जातीचा, म्हणजे जड पण भरवशाचा. माझं नवं फाउंटन पेन पिस्तुलाच्या जातीचं, म्हणजे दिसायला झाक आणि ऐनवेळी अडकणार. माझे कचेरीतले साहेबही पिस्तूलच, असा निकाल त्यांनी साहेबांना एकदाच बाजारात पाहून दिला होता, आणि तो इतका खरा निघाला की मला वाद घालता येईना. एका लग्नात जेवणं झाल्यावर पानाचं तबक फिरत होतं. मामांनी त्यातला अडकित्ता उचलला. "हे पाहा, हे असं मधातून मोडते. रिकामी टरफलं बाहेर, नव्या गोळ्या आत." टरफलं म्हणून त्यांनी लवंगा उडवल्या, गोळ्या म्हणून सुपारीची खांडं घेतली, अडकित्ता खटकन मिटला आणि समोर रोखला. समोर भटजी होते. भटजी बिचारे तोंडात विडा धरून मागच्या मागे भिंतीला टेकले. मामांना त्याचं काही नाही; ते पुढची अर्धी घटका घोडा किती जड असतो ते सांगत होते.

खुद्द मामांनी ते रिव्हॉल्वर रागानं फक्त एकदा चालवलं, आणि तेही सापावर. सहाच्या सहा गोळ्या चुकल्या. साप जरा वेळ त्यांच्याकडे बघत थांबला आणि मग आपल्या कामाला निघून गेला. दुसऱ्या कोणी ही गोष्ट जन्मात कोणाला सांगितली नसती. मामा पाहुण्यांना बोलावून सांगत. "सहा चुकल्या हे खरं. पण अडकली का एक तरी?" नाही अडकली, असं कबूल करून चहा प्यायचा.

एवढ्या सगळ्या बोलण्यात एक गोष्ट मात्र त्यांनी मला एकदाच सांगितली. आम्ही मळ्यात मिरच्या तोडत होतो. म्हणजे ते तोडत होते आणि मी टोपली धरून ऐकत होतो. मधेच म्हणाले, "माहा एक जोडीदार होता, माह्यासारखाच गाडीवरचा. त्याले नवं पिस्तूल भेटलं. लय खुश होता. रोज पुसून पुसून ठेवे, लेकरावानी. एके दिवशी वाटेवर जपानी आडवा आला, अन् ते अडकलं. मी मागच्या गाडीवर होतो. पोहोचलो तं सारं होऊन गेलतं." मग पुन्हा मिरच्या तोडायला वाकले. मला फार वाईट वाटलं. तरी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हाक आली तेव्हा कंटाळा यायचा तो आलाच. माणूस आहे, किती ऐकणार?

मामांना एकच मुलगी, लीला. मामी लवकर गेल्या, तेव्हापासून लीलानंच घर सांभाळलं, शिकली, ट्रेनिंग केलं आणि मुलींच्या शाळेत शिकवायला लागली. पोर गुणी, दिसायला नीटस, पण लग्न जमेना, आणि कारण ओट्यावर बसलेलं. पहिल्या स्थळाच्या वेळी मुलाचे काका फौजदार होते, ते थेट ठाण्यातून गणवेशातच आले. मामांनी मुलाकडे पाहिलंच नाही. ते फौजदारांच्या कमरेकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "दाखवा जी जरा." फौजदारांनीही हौसेनं काढून दाखवलं. मामांनी ते उलटंपालटं करून परत दिलं. "गंज धरून राह्यला. चोर याच्या गोळीनं नाई मरनार, धनुर्वातानं मरन." ते स्थळ तिथंच गेलं. दुसरे पाहुणे उंद्रीचे, साधे शेतकरी लोक. त्यांना मामांनी रिव्हॉल्वर इतकं समजावलं की त्यांची शेवटची गाडी चुकली आणि ते आमच्या घरी झोपले. सकाळी चहा न घेता गेले. त्यातच चीनशी लढाई झाली, तेव्हा तर लोक आपणहून मामांना हत्यारांबद्दल विचारायला यायला लागले. म्हणजे आधीच मर्कट, तशातही मद्य प्याला. गावात बोललं जाऊ लागलं की पोरगी सोन्यासारखी आहे, पण बापापुढं बसवत नाही. लीलाच्या कानावर ते जात होतं. ती बापाला कधी काही बोलली नाही, पण तिचं हसणं कमी झालं होतं.

तिसरं स्थळ नांदुऱ्याचं. मुलगा मास्तर, लीलाच्याच ट्रेनिंगच्या वर्गात होता. त्याच्या घरून मागणी कशी काय आली, हे दोन्ही घरांत कोणी कोणाला विचारलं नाही. माझ्या बायकोनं मात्र मला आत बोलावून सांगितलं, "हे मोडलं तं लीला दुसरं स्थळ पाहनार नाई. तिनं मले सांगतलं हाये." आणि त्याला जोडून दुसरी बातमी दिली, ती ऐकून मी खालीच बसलो. मुलाचे वडील नांदुऱ्याला स्टेशनजवळ सायकलचं दुकान चालवत, पण मूळ फौजेतले, आणि पिस्तूलवाले. घरात, दुकानात, गिऱ्हाइकासमोर, त्यांचा विषय एकच. म्हणजे देवानं अगदी शोधून जोडी जमवली होती.

आम्ही नवराबायकोनं मामांना समोर बसवलं. बायकोनं समजावलं, मी समजावलं. मामा गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजे मी काईच बोलू नाई?"

"बोला की," बायको म्हणाली. "थंडीवर बोला. वांग्यावर बोला."

"अन् त्यानं इचारलं तं?"

"तं हाव म्हना, अन् मान हालवा."

"पोरीले पसंत हाये?" मामांनी विचारलं. बायकोनं मानेनंच हो म्हटलं. मामा उठून मळ्यात निघून गेले.

पाहुणे आले. मुलगा खाली मान घालून बसला. त्याचे वडील भरघोस मिशांचे, मोकळ्या स्वभावाचे, आवाज घाट ओलांडून जाईल असा. मामांनी कबूल केल्याप्रमाणे थंडीवर सुरुवात केली. यंदा थंडी बरी आहे, म्हणाले. मग वांग्यावर बोलले. वांगी संपली. मी घाम पुसला. तेवढ्यात पाहुण्यांनी पोह्यांची बशी हातात घेत विचारलं, "फौजेत होते म्हने तुमी? कमरेले काय होतं?"

"रिव्हॉल्वर," मामा हळूच म्हणाले.

पाहुणे मनापासून हसले. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. "ते तं खेळनं जी. हत्यार म्हंजे पिस्तूल." आणि सुरू झाले. आयुष्यात प्रथमच मी मामांना ऐकताना पाहत होतो. पिस्तुलात गोळ्या किती जास्त बसतात, हातात कसं फिट बसतं, भरायला किती सोपं. मामांची बोटं बशीच्या काठावरून फिरत होती, पण तोंड बंद. मला वाटलं, निभावलं. आणि मग पाहुणे म्हणाले, "लोक म्हन्तात, पिस्तूल अडकते. मी म्हन्तो, पिस्तुलाचा काय दोष? ज्याचं अडकलं तो मानूसच आळशी. साफ नसन करत."

मामांचा हात थांबला. त्यांनी मान वर केली आणि मी मनातल्या मनात हात जोडले. गेलं हेही स्थळ, आणि या वेळी मी मामांना दोष देऊ शकलो नसतो. दारात लीला चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं ऐकलं होतं. ती आत येईना की मागं जाईना. मामांनी तिच्याकडे पाहिलं, मग त्या मास्तर मुलाकडे पाहिलं. तो बापाकडे नव्हे, लीलाकडे बघत होता. मामांनी बशी खाली ठेवली.

"असन जी," ते म्हणाले. "तुमचं बराबर हाये."

लग्न ठरलं. पाहुणे स्टँडवर गेल्यावर लीला बशा उचलता उचलता बापासमोर थांबली. "बाबा, काऊन म्हनलं तसं? तुमचा तो जोडीदार काका आळशी नव्हता. रोज पुसे, तुमीच सांगतलं मले." तिचे डोळे भरून आले होते. मामा म्हणाले, "पोहे चांगले झाले होते," आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

लीला नांदुऱ्याला गेली आणि मामांचं बोलणं आटलं. कोणी मुद्दाम विषय काढला तर "काय ठेवलं जी त्यात" म्हणून हातातलं काम करत राहत. मी कचेरीतून येतो, दारात चपला काढतो, समोरून हाक येत नाही. खरं तर मी सुटलो होतो. इतकी वर्षं ज्या शांततेसाठी तळमळलो ती घरात आली होती, आणि मला ती खायला उठत होती. एकदा न राहवून मीच समोर गेलो आणि म्हणालो, "मामा, माझं ते पेन अडकलं बरं का." ते म्हणाले, "नवं घ्या."

व्याही मात्र रविवारी दुकान बंद ठेवून गाडीनं घाट चढून येऊ लागले. त्यांना असा श्रोता जन्मात मिळाला नव्हता. ओट्यावर मांडी घालून बसत आणि पिस्तुलाचं पुराण लावत. मामा समोर बसून "असन जी" म्हणत. आळशी माणसाची ती गोष्टही पुन्हा पुन्हा यायची आणि ऐकताना माझंच डोकं तापायचं. एका रविवारी व्याह्यांना गाडीत बसवून आम्ही दोघं स्टँडवरून परत येत होतो, तेव्हा मी बोलून टाकलं, "मामा, आता लग्न झालं, पोरगी सुखात आहे. एकदा सांगून टाका ना त्यांना. कशाला ऐकून घेता?"

"बोलता बोलता तो मधीच सांगते," मामा म्हणाले, "का सूनबाईनं असं केलं, सूनबाई असं म्हनली. एवढ्यासाठी बसतो. मी वाद घातला तं तो येईन का? अन् राग घरी नेला तं तो कोनावर काढन?"

पण माझ्याच्यानं राहवेना. "आणि तुमचा जोडीदार? त्याला आळशी म्हणतात ते चालतं तुम्हाला?"

मामा थांबले. दमल्यासारखे दिसत होते. स्टँडवरून सुटलेली व्याह्यांची गाडी मलकापूरच्या रस्त्याला लागेपर्यंत ते तिच्याकडे पाहत राहिले.

"त्याले समजन," ते म्हणाले. "त्यालेबी पोरगी होती, जवाईबापू. तो असता तं तोबी असंच म्हनला असता."