सरळ उभा होतो

एक्स-रेची फिल्म हातात आली की ते आधी खिडकीपाशी जात. एक डोळा मिटून फिल्म न्याहाळत आणि म्हणत, "जितं हाड हाय मॅडम. घाई नको."

माण तालुक्यातल्या एका छोट्या दवाखान्यात मी हाडांची डॉक्टर म्हणून रुजू झाले, तेव्हा ते तिथे एक्स-रे काढत. सगळे त्यांना मामा म्हणत. मीही म्हणू लागले.

तुम्हीही पाहिलं असेल, लहान मुलांच्या हाडाच्या टोकाशी फिल्मवर एक काळी रेघ दिसते. तिथे कूर्चा असते आणि तिथूनच हाड लांब होत जातं. आईबापांना मात्र ती फट वाटते. एक धिप्पाड गडी तर रडायलाच लागला, "मामा, दोन जागी मोडलंय की वं!"

"आवं पाव्हणं, ही वाढायची जागा हाय. वाढ सरली की बुजती. तुमची बुजली, माझीबी बुजली. पोराची उघडी हाय तवर त्याला खाऊ घाला."

एकदा दहा वर्षांची एक मुलगी आली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून उडी मारताना घोट्याजवळ हाड मोडलेलं. दीड महिन्याने प्लॅस्टर काढलं. हाड छान जुळलं होतं. "आता यायची गरज नाही," मी तिच्या आईला सांगितलं. दोघी खुशीत गेल्या.

मामा आत आले. दार लोटून म्हणाले, "मॅडम, मोड त्या रेघंतनं गेलाय. सा म्हैन्यांनी परत बघाय पायजे."

"जुळलंय की, मामा."

"जुळलं, व्हय. पर सारखं वाढंल का?"

मला थोडा रागच आला. मामांनी डाव्या पायातली चप्पल काढून पुढे ठेवली. तिचा तळ दुसरीपेक्षा दोन बोटं जाड होता.

"नऊ वर्सांचा व्हतो, गुडघ्यापाशी मोडला. जुळल्यावर समदी म्हणली, बरं झालं. परत कुणी बघितलंच न्हाई. आमच्या घरातली समदी फौजंत. मीबी भरतीला गेलो. सायब म्हणला, सरळ उभा ऱ्हा." ते हसले. "मी सरळच उभा व्हतो, मॅडम."

मी काही बोलायच्या आत ते बाहेर पडले. एसटी स्टँडवर मायलेकींना गाठून पुन्हा येण्याचा शब्द घेऊनच परतले.

सहा महिन्यांनी मुलगी आली. पाऊल किंचित आत वळू लागलं होतं. फिल्मवर रेघेच्या एका टोकाला चिमूटभर हाड धरलं होतं. ती बाजू थांबलेली, दुसरी वाढतच होती. मी माझी चूक तिच्या आईला सांगितली आणि त्यांना सांगलीला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. मामा रजा काढून सोबत गेले. तिथे ते चिमूटभर हाड कोरून काढलं. वेळेत कळलं म्हणून जमलं. पाऊल हळूहळू सरळ झालं.

गेल्या वर्षी मामा निवृत्त झाले. आता औंधजवळ आपल्या गावी असतात. त्या रेघेतून मोड गेलेल्या मुलांना मी सहा महिन्यांनी पुन्हा बोलावते, न चुकता.

परवा त्यांचा फोन आला. यमाईच्या देवळात त्यांना ती मुलगी आणि तिची आई भेटली होती.

"आई कावली हुती," मामा सांगू लागले. "म्हणली, मामा, हिची सलवार दर चार म्हैन्यांनी आखूड व्हतीया. म्या इचारलं, दोन्ही पायांत सारखीच आखूड व्हतीया न्हवं? ती म्हणली, व्हय. म्या म्हणलं, मग शिवा की नवी!"