दोन दिवसांचं सामान

असोदा गावच्या ताईबाईंच्या मुलाने, कुंदनने, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर पत्र्याची खोली बसवून घेतली. आत पलंग, पंखा आणि चढायला ठेंगणी पायरी.

"माय, मेहरूण तलावाच्या बागेत दोन दिवस मुक्काम करू. आजकाल लोक असेच फिरतात."

चाळिशीच्या पोराला आईला फिरवावंसं आजवर कधी वाटलं नव्हतं. तरी ताईबाई निघाल्या.

बागेत ट्रॉली उभी राहिली. सून दीपमालाने चहा टाकला, तेव्हा ताईबाईंनी पलंगाखाली वाकून पाहिलं. वर्षभरासाठी केलेल्या ज्वारीच्या बिबड्यांचा, म्हणजे पापडांचा, अख्खा डबा, लोणच्याची बरणी आणि फडक्यात गुंडाळलेला देवघरातला बाळकृष्ण.

"दोन दिवसांत एवढे बिबडे कोण खाणार गं?"

"तुम्हाला आवडतात ना आई, म्हणून."

"अन् बाळकृष्णालाही तलाव बघायचाय का?"

दीपमाला चहा ढवळत राहिली. त्यात साखर अजून घातलीच नव्हती.

आपल्याला घरातून काढायला तर ही खोली केली नसेल? त्या विचाराने रात्रभर ताईबाईंचा डोळा लागला नाही. पहाटे दोघं झोपेत असतानाच त्या उठल्या आणि पहिल्या एसटीने असोद्याला आल्या. घरासमोर एक गवंडी गाडीतून विटा उतरवत होता.

"काय काम काढलं, भाऊ?"

"कुंदनभाऊंनी बोलावलंय. म्हातारीची खोली पाडून दुकान करायचंय. ती आता मळ्यात राहणार म्हणे, ट्रॉलीत."

"म्हातारी मीच," ताईबाई म्हणाल्या. "चहा टाकते. तो पी, अन् विटा परत गाडीत भर."