उसनी जीभ

दुसरी मोठी लढाई सुरू होऊन दोनतीन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. मी पुण्याच्या कँपातली नोकरी सोडून गावी, विंझरला परत आलो होतो. कँपात एका पारशी शेठच्या विलायती दारूच्या दुकानात बावीस वर्षं काढली. आधी खोकी उचलली, मग बाटल्या पुसल्या. पुढं माझं नाक तिखट आहे हे शेठच्या ध्यानात आलं आणि चव बघून किंमत सांगायचं काम माझ्याकडं आलं. घोट तोंडात फिरवायचा, पिकदाणीत थुंकायचा. बावीस वर्षांत मी एकदाही झिंगलो नाही, यावर गावात कुणाचा विश्वास बसत नसे.

गुडघे धरले म्हणून नोकरी सोडली, असं मी घरी सांगितलं होतं. ते खोटं होतं. एका थंडीत तापानं महिनाभर अंथरुणाला खिळलो आणि उठलो तेव्हा नाक गेलेलं होतं. जीभही बधिर. खारट तेवढं कळे, बाकी सगळं कोमट पाणी. त्यानंतर वर्षभर मी दुकानात सोंग केलं. रंग बघायचा, लेबल वाचायचं, डोळे मिटायचे आणि सवयीनं काहीतरी बोलायचं. गिऱ्हाईक मान डोलवायचं. शेठना कळलं असावं. चांगल्या बाटल्या माझ्यापुढं यायच्या थांबल्या. खोकी उचलून मी कधी थकलो नव्हतो एवढा त्या सोंगानं थकलो.

अशात भोरच्या म्हाताऱ्या डॉक्टरांचा निरोप आला. एका दारूची पारख करायची आहे, येऊन जा. त्यांनी एके काळी माझ्या आईचा सडत चाललेला पाय वाचवला होता. नाही म्हणवेना. तांबडं फुटायला निघालो, नसरापूरपर्यंत पायी गेलो आणि तिथून सर्व्हिस मोटर धरली. वाटभर एकच विचार, की आणखी एकदा सोंग करायचं आणि परत यायचं.

डॉक्टर आरामखुर्चीत बसले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरीणबाई जमिनीवर बसून कागदात भांडी गुंडाळत होत्या. दोघं घर आवरून नागपूरला मुलाकडं चालले होते.

"दारूच्या बाटल्या घेऊन मी सुनेच्या दारात जाणार नाही," बाई म्हणाल्या, "आणि हे टाकून द्यायला तयार नाहीत."

टेबलावर तीन लहान बाटल्या होत्या. डॉक्टरांचा एक अमेरिकन डॉक्टर मित्र हिंदुस्थान सोडून जाताना त्या देऊन गेला होता. त्याच्या मुलुखात तेव्हा दारूबंदी होती. डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषध म्हणून तेवढी मिळायची. कारखाने बंद, त्यामुळं मक्याची ही व्हिस्की गोदामात पिंपातच पडून राहिलेली. लेबलवर लिहिलं होतं, पिंपात अठरा वर्षं.

"त्यावर आमच्याकडं दहा-बारा वर्षं झाली," डॉक्टर म्हणाले. "आणखी मुरली असेल. पुण्याचा एक लष्करी ठेकेदार घ्यायला तयार आहे. हल्ली विलायती माल येत नाही ना. पण मला किंमत माहीत नको का? एक फोडा, दोन विकू."

"बाटलीत दारू मुरत न्हाई, डॉक्टरसाहेब. जे हुतं ते लाकडात हुतं. बूच लावलं की ती हाय तिथंच थांबती."

डॉक्टरांनी एक बाटली हातानं पुढं सरकवली. एवढी वर्षं त्यांनी त्या बाटल्या उन्हापासून जपल्या होत्या.

बूच काढताना त्याचा भुगा झाला. बाईंनी मलमलीचा तुकडा दिला, त्यातून गाळून मी थोडी पेल्यात घेतली. रंग काळसर तांबूस, जुन्या तांब्यासारखा. वास घेतला. काही नाही. घोट घेतला. घशात ऊब उतरली, बस्स.

"मधासारखी हाय," मी सुरुवात केली, "शेवटाला जरा..." आणि थांबलो. मी पेला खाली ठेवला. "डॉक्टरसाहेब, मला वास येत न्हाई. दोन वर्षं झाली. खोटं सांगत हुतो."

ते रागावले नाहीत. बाईंकडून हिंगाची डबी मागवली, माझ्या नाकाशी धरायला लावली. मग कापूर. मग तापाची सगळी हकिकत विचारली.

"हे आता परत यायचं नाही," ते म्हणाले.

हे मला ठाऊक होतंच. तरी दुसऱ्या कुणी ते तोंडावर सांगितल्यावर लागलंच. पण हलकंही वाटलं.

बाई उठल्या. "मी सांगते काय वास येतो ते."

"तू?" डॉक्टर म्हणाले.

"तूप कढलं का नाही, ते या घरात चाळीस वर्षं कुणाच्या नाकानं ठरतंय?"

त्यांनी पेला घेतला, पदर सावरला आणि डोळे मिटले. "आधी गूळ. करपलेला, गुऱ्हाळातल्या काहिलीच्या कडेला लागतो तसा. मग लवंग. मग जुनं कपाट उघडल्यासारखं."

"मका लागतो का कुठं? कोवळ्या कणसाचा वास? न्हाईतर एखादं फळ?"

त्यांनी पुन्हा हुंगलं. "नाही. लाकूडच आहे सगळं."

"पुढचं जिभेशिवाय कळायचं न्हाई, बाई," मी म्हणालो आणि लगेच वाटलं, बोलायला नको होतं.

बाईंनी देवघराकडं एकदा पाहिलं. मग करंगळीचं टोक पेल्यात बुडवलं आणि जिभेवर ठेवलं. "गोड... नाही, गोड गेलं. तुरट. हिरडा चघळावा तसं तोंड आवळलं. आणि शेवटी कडू."

मला सगळं कळलं. बावीस वर्षांत अशा बाटल्या मी चारदोन पाहिल्या होत्या. पिंपाचं लाकूड आधी आठ-दहा वर्षं दारूला चव देत असतं, त्याच्यापुढं दाण्याचीच चव खायला लागतं.

"लाकडानं दाणा खाल्लाय," मी म्हणालो. "हिच्या दोन किमती हायत. एक कागदावरच्या अठरा वर्सांची, ती लई व्हईल. दुसरी घोटाची. घोटाला मी हिला आठ वर्सांच्या बाटलीच्या खाली ठेवीन."

"मग मी ठेकेदाराला कुठली सांगू?"

"घोटाची सांगा. कागद त्यो सोता वाचंल."

डॉक्टरांनी उरलेल्या दोन बाटल्या चाचपल्या. मग म्हणाले, "म्हणजे आम्ही नुसती राखण केली."

बाईंनी मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. मजुरीचं त्यांनी विचारलं, मी नको म्हणालो. पारख माझी नव्हतीच.

त्या संध्याकाळी घरी आलो ते पायांचे गोळे होऊन. चुलीपुढं बसून बायकोला खरं कारण सांगितलं. ती भाकरी थापत राहिली.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "गेल्या श्रावणात नासलेली आमटी गुमान खाल्लीत तुमी. तवाच कळलं."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी कुठं बोलला?"

महिन्याभरानं बाईंचं नागपूरहून कार्ड आलं. ठेकेदाराला डॉक्टरांनी हिरड्याचं सगळं सांगितलं आणि घोटाचीच किंमत मागितली. तो हसला, लेबल दोनदा वाचलं आणि मागितली ती किंमत देऊन दोन्ही बाटल्या घेऊन गेला. फोडलेली तिसरी त्यांनी बरोबर नेली होती. डॉक्टर रोज संध्याकाळी तिच्यातला एक चमचा घेतात आणि तोंड वाकडं करतात, असं बाईंनी लिहिलं होतं. सुनेला खोकल्याचं औषध म्हणून सांगितलं आहे.